काळजाची गोळी आणि यकृताची फिर्याद

शरीराच्या अंतर्भागाची वाटणी करताना मराठी भाषेने एक जुना घोटाळा करून ठेवला आहे. काळीज हा शब्द संस्कृत ‘कालेय’ या शब्दापासून आला असून त्याचा मूळ अर्थ यकृत असा आहे. खाटकाच्या दुकानात कलेजी मागणाऱ्याच्या पिशवीत आजही यकृतच पडते. परंतु काळीज धडधडते, काळजाला घरे पडतात, काळजाचे पाणी पाणी होते, पोटचे लेकरू काळजाचा तुकडा असते, आणि हे सारे बोलताना आपला हात जातो तो उजव्या बरगडीखाली नव्हे, तर छातीच्या डाव्या बाजूला. यकृताच्या नावावरची ही मालमत्ता हृदयाच्या नावावर केव्हा चढली, त्याचा फेरफार कोणत्या तलाठ्याने मंजूर केला, हे भाषाशास्त्रज्ञांनी सांगावे. आपल्या प्रस्तुत विषयात मात्र हा घोटाळा शब्दकोशातून उठून थेट दवाखान्यात आला आहे. कारण रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिन वर्गातील गोळी घ्यायची ती हृदयासाठी, ती आपले काम करते यकृतात, आणि ती घेणाऱ्याला भय वाटते तेही यकृताचेच.

तलाठ्याचे नाव निघालेच आहे, तर बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील एक निवृत्त तलाठी आपण कल्पनेने समोर बसवू. असे गृहस्थ पाटोद्यापासून परळीपर्यंत गावोगाव भेटतील. वय बासष्ट, पोट किंचित सुटलेले, साखर काठावर, आणि दोन वर्षांपूर्वी छातीत कळ येऊन शहरातल्या इस्पितळात हृदयाच्या धमनीत स्टेन्ट बसविलेला. तेव्हापासून रोज रात्री चाळीस मिलिग्रॅमची ॲटोरव्हास्टॅटिन, जिला घरात ‘चरबीची गोळी’ म्हणतात. एके दिवशी मुलाच्या आग्रहाखातर त्यांनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या, आणि संध्याकाळी हाती आलेल्या कागदावर, यकृताच्या रकान्यात, ‘एसजीपीटी’ या अक्षरांपुढे ५८ हा आकडा ठळक छापलेला होता, त्याच्या शेजारी वर तोंड केलेला एक काळा बाण होता, आणि त्याच्याही पुढे कंसात ‘४० पर्यंत’ असे लिहिलेले होते. सारी हयात सातबाऱ्याचे रकाने वाचण्यात गेलेल्या माणसाला त्या बाणाचा अर्थ कोणी सांगावा लागला नाही. ‘गोळ्या गरम पडल्या, लिव्हरला सूज आली’, असा निवाडा ओसरीवरच झाला. गोळीची पट्टी देव्हाऱ्याखालच्या खणात गेली, आणि परसातल्या कडुनिंबावर चढलेल्या गुळवेलीचा काढा दुसऱ्या दिवसापासून सुरू झाला.

या प्रकरणाचा सारा विषय त्या एका संध्याकाळच्या निवाड्यात आहे, म्हणून घाई न करता त्याची कागदपत्रे तपासू.

बीड शहराच्या दक्षिणेला सुमारे सहा किलोमीटरवर खजाना विहीर आहे. अहमदनगरच्या निजामशाहीच्या अमदानीत, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, जहागीरदार सलाबतखानाने ती बांधविली. तिचा कारागीर राजा भास्कर म्हणून सांगतात. विहिरीत दोन भुयारांतून पाणी येते, एका भुयारातून ते बाहेर पडून मोठ्या क्षेत्राला भिजवते, आणि दुष्काळातही तिच्यातील पाण्याची पातळी ढळत नाही, अशी तिची ख्याती आहे. यकृताची रचना समजावून घ्यायला याहून जवळचे उदाहरण बीडच्या वाचकाला देता येणार नाही. सुमारे दीड किलो वजनाच्या या अवयवात रक्त येते तेही दोन वाटांनी. आतड्यांतून अन्नरसाने लदलेले रक्त आणणाऱ्या प्रवेशिका शिरेतून सुमारे तीन चतुर्थांश आणि प्राणवायू आणणाऱ्या धमनीतून उरलेले, असे मिळून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त यकृतात उतरते, आणि ते तेथून बाहेर पडते यकृतशिरांच्या एकाच मार्गाने. पातळी राखण्याची विद्याही तशीच. कोलेस्टेरॉल हा पदार्थ केवळ तुपातून आणि मटणातून येतो हा समज लोकप्रिय असला तरी अपुरा आहे. शरीराला लागणाऱ्या कोलेस्टेरॉलचा मोठा भाग शरीर स्वतःच तयार करते आणि त्या कारखान्याचे मुख्य ठाणे यकृत आहे. पेशींची आवरणे, पित्त, कित्येक संप्रेरके यांना ते लागतेच. यकृतपेशीच्या पृष्ठभागावर रक्तातील कोलेस्टेरॉल पकडून आत ओढणारे ग्राहक असतात. मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या दोन अमेरिकन वैद्यांनी ते शोधून काढले आणि १९८५ साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीच्या आत कोलेस्टेरॉल कमी पडले की ती पृष्ठभागावरचे ग्राहक वाढविते आणि रक्तातून अधिक माल उचलते. स्टॅटिनची सगळी करामत एवढीच, की ते यकृतातील कारखान्याचे एक दार अर्धे लोटून घेते. टंचाई भासली की यकृत आपण होऊन रक्तातला साठा उपसू लागते.

हे दार लोटणारे द्रव्य ज्याने शोधले त्या अकिरा एन्दो या जपानी संशोधकाची कथा कोणालाही भुरळ घालील अशी आहे. उत्तर जपानातील अकिता प्रांतातल्या शेतकरी कुटुंबात १९३३ साली जन्मलेल्या या माणसाला बुरशीचे वेड होते. बुरशीला आपल्या शत्रूजंतूंशी लढायचे असेल, तर त्यांच्या पेशीला अत्यावश्यक असे काहीतरी बंद पाडणारे अस्त्र तिने कोठे ना कोठे घडविलेच असेल, असा तर्क करून त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सान्क्यो या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत दोन वर्षांत सहा हजारांहून अधिक सूक्ष्मजीव तपासले, आणि १९७३ साली क्योतोतील एका धान्याच्या दुकानातून आलेल्या तांदळावर वाढलेल्या निळसर बुरशीत त्यांना हवे ते सापडले. पुढे उंदरांनी दगा दिला. त्यांचे कोलेस्टेरॉल काही केल्या उतरेना. अंडी घालणाऱ्या कोंबड्यांनी मात्र साथ दिली आणि औषध वाचले. १९७८ साली ओसाका येथे, आनुवंशिक दोषामुळे कोलेस्टेरॉल अफाट वाढलेल्या एका अठरा वर्षांच्या मुलीला ते प्रथम देण्यात आले. तिचे कोलेस्टेरॉल उतरले, पण स्नायू दुर्बल झाले; मात्रा कमी करताच स्नायू सावरले. म्हणजे लाभ आणि उपद्रव ही जुळी भावंडे पहिल्याच रुग्णाच्या कागदावर हजर होती, आणि त्या उपद्रवात यकृत नव्हते, स्नायू होते, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू. एन्दोंचे मूळ द्रव्य बाजारात आलेच नाही. कुत्र्यांवरील प्रयोगांत अर्बुदाची शंका आल्याने कंपनीने १९८० साली ते काम थांबविले. दुसऱ्या एका बुरशीपासून मिळालेल्या लोव्हास्टॅटिनला १९८७ साली अमेरिकेत परवाना मिळाला आणि या वर्गाचा व्यवहार सुरू झाला.

मग यकृताचे भय आले कोठून? याचे उत्तर त्या काळच्या रास्त सावधगिरीत आहे. कोलेस्टेरॉल उतरविणारे ट्रायपॅरॅनॉल नावाचे एक औषध १९६२ साली मोतीबिंदूच्या तक्रारींमुळे मागे घ्यावे लागले होते. सावकाश विरघळणाऱ्या निकोटिनिक आम्लाने काही रुग्णांची यकृते खरोखरीच दुखावली होती. आणि आता तर थेट यकृतातच शिरून काम करणारे द्रव्य आले होते. त्यात काही रुग्णांचे यकृतविकर वाढलेले दिसले. तेव्हा गोळी सुरू असेपर्यंत ठरावीक मुदतीने यकृताची तपासणी करीत राहावी असा हुकूम औषधाच्या पत्रकात छापला गेला, आणि सरकारी हुकुमाचे जे होते तेच त्याचे झाले, म्हणजे कारण संपले तरी तो चालू राहिला. अखेर जगभरच्या लक्षावधी रुग्णांचा पंचवीस वर्षांचा अनुभव जमेस धरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०१२ मध्ये हा नियम रद्द केला: गोळी सुरू करण्यापूर्वी एकदा यकृताची तपासणी करावी, त्यानंतर लक्षणे दिसली तरच. ठरावीक मुदतीच्या तपासण्यांनी तो विरळा गंभीर अपाय आधी ओळखता येतो असे आढळलेच नव्हते.

आकडे मांडायचे तर असे आहेत. नेहमीच्या मात्रेत यकृतविकर सामान्य मर्यादेच्या तिपटीहून वर जाण्याचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी. सर्वांत मोठ्या मात्रेत ते दोन-तीनपर्यंत जाते. ही वाढ बहुधा पहिल्या काही महिन्यांत होते, आणि पुष्कळदा गोळी चालू असतानाच आपोआप उतरते. ज्याला यकृताची गंभीर इजा म्हणता येईल अशी घटना साधारण लाखात एक. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहावे: १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातील सिम्व्हास्टॅटिनच्या परीक्षेत ४,४४४ हृदयरुग्ण होते, पाच वर्षांहून थोड्या अधिक काळात बनावट गोळी घेणाऱ्या निम्म्यांपैकी २५६ मरण पावले, खरी गोळी घेणाऱ्यांपैकी १८२. आपल्या तलाठीबुवांनी पट्टी खणात टाकली तेव्हा त्यांनी पारड्यातून काय उचलले, ते या दोन आकड्यांत दिसते.

पण त्यांच्या कागदावर बाण होता, हे तर खरे? होता, परंतु त्याचा अर्थ त्यांनी लावला तो नव्हता. ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’ हे त्या तपासणीचे नावच मुळी फसवे आहे. एसजीपीटी आणि एसजीओटी ही विकरे यकृताच्या कार्याची मोजमापे नव्हेत. ती पेशीच्या आतली सामग्री आहे आणि पेशी चिडली, सुजली वा फुटली की थोडी बाहेर रक्तात सांडते. पोत्याला भोक पडून ज्वारीचे चार दाणे वाटेवर सांडले म्हणून कोठार रिते झाले असे कोणी म्हणत नाही. यकृताचे काम खरोखर मंदावले की नाही हे सांगतात ती बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठण्याचा वेळ. तलाठीबुवांची ही तिन्ही मोजमापे त्याच कागदावर बाणाविना गप्प बसली होती आणि त्यांच्याकडे घरात कोणी पाहिले नाही. ५८ हा आकडा तिपटीपासून, म्हणजे १२० पासून, बराच दूर आहे. त्याहून मोठी गोम अशी की गोळी सुरू होण्यापूर्वीचा एसजीपीटी किती होता, याची कोठेच नोंद नव्हती. मूळ नोंद नसताना फेरफार कशावरून ओढायचा, हा प्रश्न दुसऱ्या कोणाला नाही तरी त्यांना पडायला हवा होता.

सुटलेले पोट आणि काठावरची साखर पाहता खरा संशय जातो तो चरबी साचलेल्या यकृताकडे, ज्याला आता गावातही ‘फॅटी लिव्हर’ म्हणतात आणि जे दारूच्या थेंबाला न शिवणाऱ्या माणसालाही होते. अशा यकृताला स्टॅटिन वर्ज्य आहे हा दुसरा गैरसमज. ग्रीसमधील एका अभ्यासाचा २०१० साली पुन्हा धांडोळा घेण्यात आला, तेव्हा ज्यांची यकृतविकरे आधीच माफक वाढलेली होती अशा ४३७ हृदयरुग्णांत स्टॅटिन घेणाऱ्यांची विकरे उलट सुधारली, आणि हृदयाचे आघातही त्यांच्यात पुष्कळ कमी झाले. ज्याच्यावर फिर्याद, तोच फिर्यादीच्या घराची राखण करीत होता म्हणायचे.

बीडच्या संदर्भात आणखी एक बारकावा सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. एसजीओटी हे विकर केवळ यकृतात नसते, स्नायूंतही भरपूर असते, आणि एसजीपीटीही थोडे असते. दसऱ्यानंतर या जिल्ह्यातून लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, पहाटेपासून वाकून ऊस तोडते आणि मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकवर चढते. सवय मोडलेल्या अंगावर असे जड श्रम पडले की स्नायूंतील विकरे रक्तात उतरतात आणि आठवडाभर चढी राहू शकतात. अशा माणसाच्या कागदावर बाण उमटला तर त्यात यकृताचा दोष असेलच असे नाही, आणि गोळीचाही असेलच असे नाही. क्रिएटिन कायनेज नावाची स्नायूंची एक स्वतंत्र तपासणी केली की साक्ष मिळते. पट्टी संपल्यावर पुढच्या पट्टीपर्यंतचे अंतर हे या माणसांच्या बाबतीत यकृतापेक्षा फार मोठे संकट आहे. मुकादमाची उचल घेऊन फडावर गेलेल्याने गावच्या आरोग्य केंद्रातून महिन्याच्या गोळ्या आणायच्या तरी कशा? निदान औषधाचे नाव आणि मात्रा लिहिलेली चिठ्ठी त्याच्या गाठोड्यात हवी. ती असली तर कारखान्याच्या गावातही तीच गोळी मिळते.

स्टॅटिन निर्दोष आहे असे मात्र कोणी समजू नये. त्याचे खरे उपद्रव आहेत, फक्त ते जेथे शोधले जातात तेथे नाहीत. स्नायूंचे दुखणे हा त्यांतला प्रमुख. २००१ सालच्या ऑगस्टमध्ये सेरिव्हास्टॅटिन हे या वर्गातील एक औषध जगातून मागे घ्यावे लागले, कारण त्याने, विशेषतः जेमफिब्रोझिल या दुसऱ्या औषधाच्या जोडीने, स्नायू विरघळून मूत्रपिंडे निकामी होत आणि माणसे दगावत. उरलेल्या गोळ्यांत असा प्रसंग अतिविरळ आहे. तरी दोन्ही मांड्या सारख्या दुखू लागल्या, जिना चढवेना, लघवी चहासारखी काळपट झाली, तर त्याच दिवशी गोळी थांबवून डॉक्टर गाठावा. साध्या अंगदुखीची गोष्ट निराळी. इंग्लंडमधील एका मोठ्या चतुर परीक्षेचा निकाल २०२० साली प्रसिद्ध झाला: त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या साठ जणांना बारा महिन्यांत चार महिने खरी गोळी, चार महिने बनावट आणि चार महिने काहीच नाही, अशी आलटूनपालटून व्यवस्था लावली, आणि आढळले की खऱ्या गोळीने होणाऱ्या त्रासाचा सुमारे नव्वद टक्के हिस्सा बनावट गोळीनेही होतो. दुखणे खोटे नव्हते, त्याचे कारण भय होते. साखर काठावर असणाऱ्यांची ती जराशी पुढे सरकते, हेही खरे. त्यापायी गोळी सोडावी असा तो दोष नाही. आणि मात्रेचा एक हिशेब सर्वांनी लक्षात ठेवावा: मात्रा दुप्पट केली की वाईट कोलेस्टेरॉल जेमतेम आणखी सहा टक्क्यांनी उतरते, उपद्रवाची शक्यता मात्र वाढत जाते. त्रास होत असेल तर मात्रा उतरविणे किंवा त्याच वर्गातील दुसरी गोळी देणे हा डॉक्टरांचा पहिला उपाय असतो, बंद करणे हा शेवटचा.

आता त्या काढ्याकडे वळू, कारण या कथेतील खरा संशयित तेथे बसला आहे. करोनाच्या पहिल्या वर्षी घरोघर गुळवेल उकळली जात होती. २०२० च्या अखेरच्या चार महिन्यांत मुंबईतील यकृततज्ज्ञांकडे गुळवेल घेतल्यानंतर यकृतदाह झालेले सहा रुग्ण आले; त्यांची हकीकत २०२१ साली प्रसिद्ध झाली, आणि नंतर देशभरच्या केंद्रांनी मिळून असे ४३ रुग्ण नोंदविले. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच यकृतावर उलटावी अशी लक्षणे त्यांतील पुष्कळांत होती. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, की रुग्णांनी घेतलेली वेल खरी गुळवेल होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी, हे आधी ठरवावे. आक्षेप विचार करण्याजोगा आहे, पण परसातल्या कडुनिंबावरची वेल कोणती, हे आपले तलाठीबुवा तरी कोठे ठरवून बसले होते? कोट्यवधी लोक गुळवेल पितात आणि बहुतेकांना काही होत नाही. स्टॅटिनचेही तसेच आहे. फरक एवढाच की गोळीचा प्रत्येक उपद्रव मोजून छापलेला असतो आणि काढ्याचा कोणी मोजलेला नसतो. गुग्गुळाची परीक्षा तरी झाली. बनारस हिंदू विद्यापीठातील संशोधनाने १९६६ साली त्याच्या कोलेस्टेरॉल उतरविण्याच्या गुणाचा बोलबाला झाला होता. २००३ साली अमेरिकेतील काटेकोर परीक्षेचा निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा वाईट कोलेस्टेरॉल उतरण्याऐवजी किंचित चढलेले दिसले. आपल्या देशी औषधांचा अभिमान मलाही आहे, आणि म्हणूनच त्यांची अशी परीक्षा आपल्याकडेच आधी का झाली नाही, याचा विषाद वाटतो.

यकृताला खरोखर जपायचे असेल तर ज्यांच्यावर पाळत ठेवावी असे दुसरे पुष्कळ आहेत: रोजची दारू, अंगदुखीसाठी मुठीने खाल्लेले पॅरासिटामॉल, आणि क्षयाच्या उपचारातील आयसोनियाझिड व पायराझिनामाइड, जी डॉक्टरांच्या नजरेखाली घ्यावीच लागतात पण जी घेताना डोळे पिवळे झाले तर तासाचाही विलंब करू नये. स्टॅटिन घेणाऱ्यालाही हाच नियम: डोळे वा लघवी पिवळी होणे, अन्नावरची वासना जाणे, उजव्या बरगडीखाली दुखणे, अंगाला न थांबणारी खाज, ही लक्षणे दिसली तर तपासणी ताबडतोब करावी. काविळीची माळ गळ्यात घालून वाट पाहू नये. यकृत कायमचे निबर होऊन पोटात पाणी साचलेल्या रुग्णाला ही गोळी सहसा देत नाहीत, आणि गरोदरपणात ती बहुधा थांबवितात. क्लॅरिथ्रोमायसिनसारखे प्रतिजैविक किंवा नायट्यासाठी पोटातून घ्यायचे इट्राकोनाझोल सुरू होणार असेल, तर आपण चरबीची गोळी घेतो हे त्या डॉक्टरांना आधी सांगावे. ही औषधे यकृतातील तिच्या विल्हेवाटीची वाट अडवितात आणि रक्तात तिचा साठा चढतो.

तलाठीबुवांनी पट्टी खणात टाकून तीन आठवडे झाले आहेत. स्टॅटिन अंगात साठून राहत नाही. एवढ्या मुदतीत रक्तातील कोलेस्टेरॉल जवळजवळ पहिल्या जागी परत गेलेले असते, आणि धमनीत बसविलेल्या त्या जाळीदार नळीला या निवाड्याची कोणी नोटीस बजावलेली नसते. तुमच्याही कागदावर असा बाण उमटला असेल, तर गोळी स्वतःच्या हुकुमाने बंद करू नका; जुना अहवाल असेल तर तो शोधा, आणि दवाखान्यात जाताना गोळ्यांच्या पट्ट्यांबरोबर ती काढ्याची बाटलीही पिशवीत घालून न्या.